नवजात उपशामक शुश्रूषा : परिचारिकांचे प्रशिक्षण (कोकण)

ज्या नवजात अर्भकाचा आजार बरा होण्याची शक्यता उरलेली नाही किंवा फार थोडी आहे, त्याच्या वेदना व धाप कमी करण्याचे, त्याला आईजवळ ठेवण्याचे आणि कुटुंबाला आधार देण्याचे परिचारिकांना दिले जाणारे शिक्षण. जन्मानंतरचे पहिले २८ दिवस नवजात काळ मानतात. फारच अपुऱ्या दिवसांचे, जन्मतः मेंदूला प्राणवायू कमी पडलेले किंवा गंभीर जन्मजात व्यंग असलेले बाळ या शुश्रूषेत येते, आणि मूळ आजारावरचे उपचार चालू असतानाही ती सुरू करता येते.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या सुधारित बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात उपशामक शुश्रूषेचा घटक आहे. मात्र तो प्रौढांच्या शुश्रूषेला जोडलेला असून नवजाताची काळजी बालपरिचर्येत शिकवली जाते. या दोहोंची सांगड प्रत्यक्षात रत्नागिरी, ओरोस वा अलिबागच्या जिल्हा रुग्णालयांतील नवजात काळजी कक्षांसारख्या ठिकाणी, अनुभवी सिस्टरच्या हाताखालीच पडते.

आधी शिकायची ती वेदना ओळखणे. चेहरा, रडणे, श्वास, हात, पाय आणि जागेपण या सहा लक्षणांवरून ० ते ७ गुण देणारी निप्स ही मोजपट्टी वापरतात. परंतु अत्यवस्थ बाळात रडण्याइतकेही त्राण नसते, आणि गप्प बाळाला दुखत नाही असा नवशिक्या परिचारिकेचा हमखास समज होतो. म्हणून आवळलेल्या भुवया आणि ताठरलेली बोटे पाहायची सवय लावावी लागते. चिकटपट्टी ओली करून सावकाश सोडवणे, सुकलेल्या ओठांना आईच्या दुधाचा थेंब लावणे, निर्णयाला उपयोग नसलेल्या रक्ततपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचारणे, हेही याच शिक्षणात येते. बोगोटा येथे १९७८ मध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी सुरू झालेली कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे, येथेही उपयोगी पडते. नळ्या न ओढता बाळ आईच्या छातीवर ठेवण्याचा सराव दोन परिचारिकांनी मिळून करायचा असतो.

कोकणात संवादाचा भाग अधिक अवघड होतो. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी, आणि बाळाचे वडील पुष्कळदा मुंबईत नोकरीला. ते पोहोचेपर्यंत सारे प्रश्न आजी विचारते. बाळंतिणीला वगळून आजीलाच सगळे सांगून टाकण्याचा मोह मोठा असतो, आणि तो टाळायला शिकवावे लागते. जीवनाधार (श्वासयंत्रासारखे जगवणारे उपचार) काढण्याचा निर्णय परिचारिका घेत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाने आणि त्यातील २०२३ च्या बदलांनी त्यासाठी वैद्यकीय मंडळांची रीत घालून दिली आहे. परिचारिकेकडे येते ते घरच्यांचे मन जाणून डॉक्टरांपर्यंत पोहोचवणे. बारशाआधीच नाव ठेवायचे आहे का, मुसलमान कुटुंबाला कानात अजान द्यायची आहे का, ख्रिस्ती आईवडिलांना बाप्तिस्मा हवा आहे का, हे वेळेत विचारावे लागते. कॅथलिक रीतीनुसार निकडीच्या वेळी बाप्तिस्मा कोणीही देऊ शकतो, अगदी परिचारिकासुद्धा.

बाळाच्या मृत्यूनंतर आईचे दूध येतच राहते. त्यासाठी आधार देणारी, फार न आवळणारी चोळी, थंड पाण्याच्या घड्या आणि ठणका कमी होण्यापुरतेच दूध काढणे, असा सल्ला द्यायला शिकवतात. सोबत गावच्या आशाताईंना तत्काळ कळवणेही शिकवले पाहिजे. नाहीतर गृहभेटीच्या ठरल्या दिवशी त्या वजनकाटा घेऊन दारात उभ्या राहतात.