विल म्हणजे इच्छा, शॅल म्हणजे देणं

मराठीत क्रियापदाला प्रत्यय लावला की भविष्यकाळ तयार: करीन, करशील, करेल, करतील. इंग्रजी क्रियापदाला असा एकही प्रत्यय नाही. वर्तमानाचं रूप आहे, भूतकाळाचं आहे, भविष्याचं नाहीच. म्हणून अनेक भाषाशास्त्रज्ञ इंग्रजीत भविष्यकाळ हा वेगळा काळ मानतच नाहीत.

हजार वर्षांपूर्वीची इंग्रजी बहुतेकदा साध्या वर्तमानकाळावरच भागवत असे. पुढे दोन जुनी क्रियापदं कामाला जुंपली गेली. 'विल'चा मूळ अर्थ इच्छा असणे. मृत्युपत्राला आपण 'विल' म्हणतो, त्यात हीच इच्छा आहे. 'शॅल' म्हणजे देणं लागणे. कर्जासाठीचा जर्मन शब्द 'शुल्ड' त्याच घराण्यातला. जे हवंय आणि जे द्यायचंय, ते दोन्ही अजून घडायचं असतं. त्यामुळे हे शब्द झिजत झिजत भविष्याची खूण झाले. जॉन वॉलिस या गणितज्ञाने (अनंताचं चिन्ह रूढ करणारा तोच) १६५३ साली लॅटिनमध्ये लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात नियम मांडला: नुसतं भाकीत असेल तर 'मी'बरोबर शॅल, 'तू' आणि 'तो'बरोबर विल. पाठ्यपुस्तकांनी तो फार काळ घोकून घेतला. आज शिकणाऱ्याने त्यात वेळ घालवू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

'गोइंग टू' ही वाट मला सर्वांत सुंदर वाटते. आधी त्यात खरोखरचं जाणं होतं: अमुक करायला निघालोय. हळूहळू पाय थांबले, हेतू तेवढा उरला. याचा पुरावा उच्चारात सापडतो. 'आय ॲम गोइंग टू स्लीप' म्हणजे 'मी झोपणार आहे' असं म्हणायचं असेल, तर बोलताना त्याचं 'गॉना स्लीप' होतं. पण 'आय ॲम गोइंग टू लंडन'चं 'गॉना लंडन' कधीच होत नाही, कारण तिथे अजून खरा प्रवास आहे.

आपल्याला ही वाट सोपी जाते, कारण आपल्याकडे '-णार' आहे. टेबलाच्या कडेला कप कलंडलाय, तो पडणार हे डोळ्यांना दिसतंय: 'इट्स गोइंग टू फॉल'. इथे 'विल' कानाला खटकतं. फोन वाजला आणि त्याच क्षणी ठरवलं, 'मी घेतो', तर मात्र 'आयल गेट इट'. आपली खरी अडचण इथे होते. मराठीत तो 'घेतो' वर्तमानकाळी असतो, म्हणून तोंडात 'आय टेक इट' येतं आणि ऐकणारा गोंधळतो. उलट, भेट आधीच ठरली असेल तर इंग्रजी चालू वर्तमानकाळ वापरते, 'आय ॲम मीटिंग हर टुमॉरो'. वेळापत्रकाला साधा वर्तमानकाळ पुरतो: 'द ट्रेन लीव्ज ॲट सिक्स'.

आणखी एक फसगत 'व्हेन'ची. 'तो येईल तेव्हा सांगेन' या मराठी वाक्यात दोन्हीकडे भविष्यकाळ, म्हणून आपण 'व्हेन ही विल कम' म्हणून बसतो. इंग्रजीत 'विल' एकदाच, मुख्य वाक्यात: 'व्हेन ही कम्स, आयल टेल यू'. विचित्र वाटलं, तर आपलंच 'तो आला की सांगेन' आठवावं. तिथे तर चक्क भूतकाळ आहे. आणि जागेवरून अजून उठलाही नाही तो माणूस बिनदिक्कत म्हणतो, "आलोच!"