मोतीबिंदू शस्त्रक्रियेतील उपकरणदोषजन्य इजा

मोतीबिंदू काढताना हत्यारातील बिघाडामुळे डोळ्याच्या आतल्या भागांना होणारी इजा. दोष मुख्य यंत्रातच असतो असे नाही. बरेचदा तो स्लीव्ह (टिपेवरचे मऊ आवरण), टिप (यंत्राचे टोक), कॅन्युला (बारीक नळी) अशा किरकोळ सुट्या भागांत निघतो.

अल्ट्रासाउंडने मोतीबिंदू फोडून शोषून घेण्याची फेको पद्धत अमेरिकी नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये वापरात आणली. तिच्यातील पोकळ टिप सेकंदाला सुमारे ४०,००० वेळा कंप पावते आणि तापते. तिला गार ठेवते ते सिलिकॉन स्लीव्हमधून वाहणारे द्रावण. स्लीव्ह मुडपली, बाटली संपली किंवा शोषणनळी घट्ट जेलने (शस्त्रक्रियेत डोळ्यात जागा राखण्यासाठी भरतात ते) तुंबली, की हा प्रवाह अडतो. टिप आत घालण्यासाठी घेतलेल्या कापाजवळचे तापमान काही सेकंदांत ६० अंश सेल्सिअसच्या आसपास पोचते आणि कॉर्नियातले (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यातले) कोलॅजन हे प्रथिन आकसते. टिपेपुढे दुधाळ पाणी साचू लागले की यंत्राच्या पेडलवरचा पाय लगेच उचलावा. कापाची कड पांढरी पडली म्हणजे भाजले आहेच. एरवी आपोआप मिटणारा २.२ ते २.८ मिमीचा काप मग उघडा राहतो, टाके घालावे लागतात आणि दृष्टिवैषम्य (कॉर्नियाच्या असमान वक्रतेने येणारा धूसरपणा) वाढते. म्हणून टिप आत घातल्यावर आधी थोडे जेल शोषून घेतात, मगच अल्ट्रासाउंड सुरू करतात.

भिंगाची मागील कॅप्सूल, म्हणजे मागचे पातळ आवरण, मध्यभागी जेमतेम ४ मायक्रॉन जाड. वारंवार वापरलेल्या टिपेच्या किंवा सिमको कॅन्युलाच्या (द्रावण सोडणारी व शोषणारी हाताने चालवायची नळी) छिद्राला खरखरीत कड आली, तर कॅप्सूल त्यात अडकून फाटते. विट्रियस (भिंगामागचा जेलीसारखा पदार्थ) पुढे सरकतो, भिंगाचे तुकडे मागे पडतात. ही कड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाखाली धरावी लागते. भारतात फेकोविना होणाऱ्या लहान छेदाच्या शस्त्रक्रियांत सिमको रोजच्या वापरात असते, त्यामुळे ही तपासणी तिथेही तितकीच लागू आहे.

सिरिंजवर नुसती दाबून बसवलेली कॅन्युला जेल ढकलताना सुटून थेट रेटिनापर्यंत जाऊ शकते. आटे फिरवून बसवणारी सिरिंज वापरावी आणि डोळ्याबाहेर एकदा फवारून पाहावे. बोथट ब्लेडने डेसिमे पडदा (कॉर्नियाच्या आतल्या बाजूचा पातळ थर) सुटतो. तो हवेचा बुडबुडा भरून परत चिकटवता येतो.

धुण्यातली कसूरही याच सदरात येते. नळीत राहिलेल्या डिटर्जंटमुळे १२ ते ४८ तासांत कॉर्निया कडेपासून कडेपर्यंत सुजतो. जंतुसंसर्ग सहसा त्यानंतर, २ ते ७ दिवसांत, डोके वर काढतो आणि दुखतोही जास्त. ऑटोक्लेव्हने जंतू मरतात, पण त्यांचे एन्डोटॉक्सिन (जंतूंच्या आवरणातले विष) उरते. म्हणून वापर होताच, आतला मळ सुकण्याआधी, नळ्या निर्जंतुक पाण्याने खळखळून धुतात.