टाकून दिलेलं कुत्रं घरी आणलंत? आधी हे वाचा

आमच्या पशुखाद्याच्या दुकानात ढेप न्यायला येणारी बरीच मंडळी हल्ली बैलाच्या औषधाबरोबर कुत्र्याचंही विचारतात. वावरात राखणीला बांधलं आणि हंगाम संपल्यावर तसंच सोडून दिलं, किंवा कोणीतरी पोत्यात घालून धुऱ्यावर टाकलं, असं कुत्रं ज्यांनी घरी आणलं त्यांच्यासाठी हा कागद.

सगळ्यात आधी, हात लावायची घाई करू नका. माणसाचा हात म्हणजे काठी किंवा दगड, एवढंच त्याला ठाऊक असतं. आमच्या गोठ्यात असंच एक काळं कुत्रं आलं होतं. गळ्यातली तार कातड्यात रुतलेली. डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन ती काढली, पण पुढे अकरा दिवस ते कडब्याच्या गंजीमागून बाहेर आलं नाही. रोज दिवेलागणीला त्याच जागी, त्याच टोपल्यात खाणं ठेवायचं आणि चार हात लांब, त्याच्याकडे पाठ करून तुरीच्या शेंगा सोलत बसायचं, एवढंच आम्ही केलं. बाराव्या दिवशी कोपराला ओलं नाक लागलं. तरीही आम्ही वळून पाहिलं नाही, शेंगा सोलत राहिलो. आणखी आठवडाभराने त्याने स्वतःहून मान मांडीवर टेकवली.

कुत्रं तोंड फिरवतं, ओठ चाटतं, झोप नसताना जांभई देतं, तेव्हा ते 'लांब राहा' म्हणत असतं. गुरगुरलं म्हणून मारू नका. मार खाल्लेलं कुत्रं गुरगुरणं सोडतं आणि पुढच्या वेळी सरळ चावतं. डोक्यावरून हात नेऊ नका, डोळ्यांत रोखून पाहू नका. ते खात असताना लेकरांना जवळ जाऊ देऊ नका.

उपाशी जीव पाहिला की भरलं ताट पुढे ठेवावंसं वाटतं, पण फार दिवस उपाशी राहिलेल्या शरीराला ते झेपत नाही. हगवण लागते, रक्तातले क्षार ढासळून जीवही जाऊ शकतो. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं द्या: मऊ भात, उकडलेलं अंडं, हाडं काढलेलं शिजवलेलं चिकन. मसाला, कांदा, लसूण नको. शिजवलेल्या हाडांच्या फाटी होऊन आतडं फाटतं, तीही नको.

खरजेवर काळं ऑइल किंवा रॉकेल लावू नका. कुत्रं ते चाटतं आणि विष पोटात जातं. गुरांच्या गोचिडाचं औषध किंवा आयव्हरमेक्टिन (जंत-खरजेवरचं औषध) अंदाजाने देणंही तितकंच घातक आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय कुत्र्यासाठी आम्ही ते देत नाही, कृपया आग्रह धरू नका. अंगावर गोचिड, हिरड्या पांढऱ्या आणि ताप असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा. कुत्र्याला रेबीजची लसही तिथेच टोचून घ्या. चावलंच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका आणि लगेच सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करा. लाळ गळत असेल, आवाज बदलला असेल, पाणी गिळता येत नसेल, तर त्या कुत्र्याजवळ जाऊच नका, डॉक्टरांना कळवा.

दिवसभर आखूड साखळीवर ठेवू नका. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याने तो गुन्हा आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा टिनाखाली बांधू नका. निंबाची सावली, ओलं पोतं आणि मातीच्या भांड्यात पाणी असू द्या. लग्नाचा डीजे किंवा दिवाळीचे फटाके सुरू झाले की आतली अंधारी खोली उघडी ठेवा. एका रात्रीच्या आवाजाने महिनाभराची ओळख पुसली जाऊ शकते. तसं झालं तर पुन्हा टोपल्यापासून सुरुवात करा. दुसऱ्या वेळी बहुतेक लवकर जमतं.

जंताचं औषध वजनावर ठरतं. त्यासाठी भेदरलेल्या कुत्र्याला दुकानात ओढत आणू नका. आमचा सपाट वजनकाटा दोन दिवसांसाठी घरी न्या, पैसे लागणार नाहीत. काट्यावर पोतं अंथरा, त्यावर खाणं ठेवा, कुत्रं आपणहून चढलं की आकडा लिहून घ्या आणि डॉक्टरांना दाखवा.