हायब्रिडचा ‘मीडियम’ आणि रोडबाइकचा ‘मीडियम’

ताठ बसून चालवायची हायब्रिड सायकल ‘मीडियम’ नीट बसते, म्हणून वाकून चालवायची रोडबाइकही ‘मीडियम’च मागवली, की बहुतेकांची मान पहिल्याच आठवड्यात धरते. साइजचं अक्षर तेच असलं तरी मागचं मोजमाप वेगळं असतं.

हायब्रिडचं हँडल सरळ, हात थेट ग्रिपवर. म्हणून तिची फ्रेमच लांब ठेवतात. रोडबाइकचं हँडल आधी ७० ते ८५ मिमी पुढे जातं, मग खाली वळतं. त्यावर हात बसतात ते आणखी पुढे, ब्रेकच्या हूडवर, म्हणजे ब्रेकच्या रबरी मुठीवर. त्यामुळे फ्रेम आखूड असूनही अंग जास्त पुढे ताणलं जातं. हायब्रिडला असं खाली वळणारं ‘ड्रॉप’ हँडल लावायचा बेत फसतो तो याच कारणानं: लांब फ्रेम आणि पुढे जाणारं हँडल, दोन्हींची बेरीज होते.

दुकानात ‘५४’ किंवा ‘एम’ विचारण्याऐवजी तक्त्यातले स्टॅक आणि रीच बघा. बॉटम ब्रॅकेटच्या (पेडलचे दांडे जिथे फिरतात त्या आसाच्या) मध्यापासून हेडट्यूबच्या (हँडलखालच्या फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची म्हणजे स्टॅक, आडवं अंतर म्हणजे रीच. मुंबईत रोज चालवायची असेल तर आम्ही जास्त स्टॅकची एंड्युरन्स फ्रेमच (थोडं ताठ बसून लांब चालवता येईल अशी) सुचवू, आणि तीही २८ ते ३२ मिमी टायर मावणारी. पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांत २५चे टायर हातांना फार दणके देतात.

जुन्या सायकलवरून जशीच्या तशी उचलायची गोष्ट एकच, सीटची उंची. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटट्यूबच्या (सीटखालच्या नळीच्या) रेषेत मोजा. हायब्रिडचा क्रँक (पेडलचा दांडा) १७५ आणि नवा १७० मिमी असेल तर सीट ५ मिमी वर घ्या. जुनी सीट मात्र नव्या सायकलवर लावू नका. ताठ बसण्यासाठीची रुंद, मऊ सीट वाकून बसलं की मांड्यांना घासते.

सर्वांत जास्त गल्लत इथे होते: हँडल लांब वाटलं की लोक सीट पुढे सरकवतात. सीटची मागेपुढे जागा पाय आणि गुडघ्यासाठी ठरते, हातांसाठी नाही. पुढे सरकवली की शरीराचा भार हातांवर येतो, करंगळीकडची बोटं बधिर होतात, गुडघ्याच्या पुढच्या बाजूलाही दुखू शकतं. लांबी कमी करायची तर स्टेम (हँडल धरणारा पुढचा तुकडा) बदला, १०० मिमीचा ९० किंवा ८०. तरीही ७०च्या खाली जावं लागत असेल तर फ्रेमच मोठी आहे, एक साइज लहान घ्या. हँडलची रुंदी खांद्यांच्या हाडांइतकी, साधारण ४०० ते ४४० मिमी. हायब्रिडच्या सहाशेच्या वरच्या रुंदीशी तिची तुलना करू नका.

स्टेमखालचे सगळे स्पेसर (हँडल उंच ठेवणाऱ्या चकत्या) सुरुवातीला तसेच राहू द्या. वरळी सी फेस किंवा पाम बीच रोडवर महिनाभर चालवा, हँडल एका वेळी ५ मिमीच खाली आणा आणि काढलेले स्पेसर स्टेमच्या वर ठेवा. स्टीयरर ट्यूब (स्टेम बसतो ती फोर्कची नळी) कापायची ती शेवटी, कारण कापलेली पुन्हा वाढत नाही.