एकाच वाटेच्या विमानातून समुद्रापार

सोलापुरातली टॉवेल आणि चादरीच्या धंद्यातली मंडळी दर जानेवारीत फ्रँकफर्टच्या हाइमटेक्स्टिल प्रदर्शनाला जातात. काही जण तिथून पुढे अमेरिकेतल्या खरेदीदारांना भेटायला निघतात. त्यांची तिकिटं काढून देणं हे माझं काम. अलीकडे युरोप-अमेरिकेच्या टप्प्यावर विमानाच्या रकान्यात एअरबसचं ए३२१ दिसलं की लगेच फोन येतो, "अहो, हे तर मुंबई-दिल्लीचं विमान! खुर्च्यांच्या मधे चालायला एकच वाट. बिझनेसचे एवढे पैसे भरून अटलांटिक यातून ओलांडायचा का?"

प्रश्न रास्त आहे. पण त्यामागे एक समजूत आहे की समुद्रावरून जायचं ते मोठ्या, दोन वाटांच्या विमानातूनच, आणि छोटं विमान म्हणजे कंपनीने केलेली काटकसर. इतिहास नेमका उलटा आहे. जेट विमानांनी अटलांटिक ओलांडायला सुरुवात केली तीच एका वाटेच्या विमानांनी.

ऑक्टोबर १९५८ मध्ये ब्रिटिश कंपनी बीओएसीने कॉमेट विमानाने लंडन-न्यूयॉर्क सेवा सुरू केली. त्याच महिन्याच्या २६ तारखेला अमेरिकेच्या पॅन ॲमचं बोईंग ७०७ न्यूयॉर्कहून पॅरिसला निघालं आणि वाटेत कॅनडातल्या गँडरला इंधनासाठी उतरलं. आपली एअर इंडिया १९६० साली ७०७ घेऊनच न्यूयॉर्कला पोहोचली. ७०७ ची बाहेरची रुंदी सुमारे पावणेचार मीटर. आजचं ७३७ त्याच रुंदीचं आहे, मधल्या काळातलं ७५७ सुद्धा. म्हणजे आज ज्याला आपण 'छोटं विमान' म्हणतो, त्याच रुंदीच्या विमानातून त्या काळचे मंत्री, शास्त्रज्ञ आणि उद्योगपती परदेशी जात होते.

अरुंद विमानातल्या ऐटीचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे काँकॉर्ड. १९७६ ते २००३ अशी त्याची प्रवासी कारकीर्द. मधे एक वाट, दोन्ही बाजूंना दोन-दोन खुर्च्या, एकूण शंभर. झोपायची सोय नव्हती आणि तिची गरजही नव्हती, कारण लंडनहून न्यूयॉर्क साडेतीन तासांत येत असे.

रुंद विमान आलं जानेवारी १९७० मध्ये, ७४७ च्या रूपाने. एका फेरीत साडेतीनशेच्या वर माणसं नेता येऊ लागली, तिकीट स्वस्त झालं, आणि लांबचा प्रवास म्हणजे मोठं विमान हे समीकरण डोक्यात बसलं. बिझनेस क्लास तर त्याहून नंतरचा. पूर्ण भाडं भरणारा व्यापारी आणि सवलतीच्या तिकिटावरचा पर्यटक एकाच रांगेत बसू लागले, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस व्यापाऱ्यासाठी वेगळा कप्पा निघाला. सुरुवातीला तो फक्त पडद्यामागचा शांत भाग होता. पाय पसरून आडवं होता येईल अशी बिझनेसची खुर्ची ब्रिटिश एअरवेजने २००० साली आणली, आणि मग सगळ्यांनाच ती आणावी लागली.

आता मुख्य मुद्दा, इंजिनांचा. जेटच्या आधीची, प्रोपेलरच्या जमान्यातली इंजिनं वरचेवर बंद पडत, म्हणून अमेरिकेत नियम होता की दोन इंजिनांच्या विमानाने कुठल्या तरी विमानतळापासून ६० मिनिटांच्या अंतरातच राहायचं. त्यामुळे समुद्र तीन-चार इंजिनांच्या विमानांकडे राहिला. जेट इंजिनं भरवशाची ठरली तशी १९८५ मध्ये ही मर्यादा १२० मिनिटांवर आणि १९८८ मध्ये १८० मिनिटांवर गेली. माझ्या मते या कथेतला खरा कलाटणीचा क्षण हाच. त्याआधी एअरबसने किंवा बोईंगने दोन इंजिनांचं कितीही चांगलं छोटं विमान बांधलं असतं, तरी ते अटलांटिकवर फिरकू शकलं नसतं.

या सवलतीचा पुरेपूर फायदा घेतला दोन इंजिनांच्या बोईंग ७५७ ने. लांब, सडपातळ आणि अंगात भरपूर ताकद. अमेरिकेतल्या काँटिनेंटल कंपनीने न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून युरोपातल्या मधल्या आकाराच्या शहरांना ही विमानं लावली. तिथून रोज तीनशे माणसं मिळणार नव्हती, दीडशे-पावणेदोनशे मिळत होती. हिवाळ्यात मात्र पंचाईत व्हायची. अटलांटिकवर वरच्या थरात पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारे वाहतात. अमेरिकेला जाताना ते समोरून येतात, इंधन जास्त जळतं आणि विमानाला मधेच गँडरसारख्या ठिकाणी उतरावं लागतं. १९५८ सालचंच गँडर. ७५७ चं उत्पादन २००४ मध्ये थांबलं, १,०५० विमानं बनल्यावर.

दरम्यान काहींनी संपूर्ण विमानच बिझनेसचं करून पाहिलं. इऑस नावाच्या कंपनीने २००५ मध्ये ७५७ मध्ये फक्त ४८ खुर्च्या बसवल्या. दोनशेच्या जागी अठ्ठेचाळीस. २००८ मध्ये तेल महागलं आणि ती बंद पडली. ब्रिटिश एअरवेजने २००९ मध्ये लंडनच्या सिटी विमानतळावरून न्यूयॉर्कला एअरबसचं छोटं ए३१८ सुरू केलं, सगळे मिळून ३२ बिछाने, आणि त्याला काँकॉर्डचा जुना क्रमांक दिला, बीए १. तिथली धावपट्टी आखूड, त्यामुळे टाकी पूर्ण भरून उडता येत नसे. जाताना आयर्लंडमधल्या शॅननला उतरायचं, इंधन भरायचं, आणि तेवढ्यात प्रवाशांनी अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकून घ्यायचं. अडचणीतून काढलेली इतकी नेटकी सोय मला दुसरी आठवत नाही. २०२० मध्ये कोविडने तीही संपवली.

आपल्या भागाला या प्रकाराची चव आधीच मिळाली होती. २००८ मध्ये लुफ्तान्साने फ्रँकफर्टहून थेट पुण्याला ए३१९ आणलं, तेही सुरुवातीला फक्त बिझनेस क्लासचं. विमान प्रायव्हेटएअर या स्विस कंपनीचं. वाटेत महासागर नाही, पण अंतर साडेसहा हजार किलोमीटर. सोलापूरकराला पुणे अडीचशे किलोमीटर आणि मुंबई चारशेच्या वर, त्यामुळे त्या एका छोट्या विमानाचं मोल इथल्या निर्यातदारांना चांगलं कळत होतं.

सध्याचं पर्व ए३२१ चं आहे. अमेरिकेच्या जेटब्लूने ऑगस्ट २०२१ मध्ये न्यूयॉर्क-लंडन सुरू केलं ते ए३२१एलआर ने, सुमारे ७,४०० किलोमीटर पल्ल्याच्या. पाठोपाठ आलं ए३२१ चंच एक्सएलआर, पल्ला ८,७०० किलोमीटर. मागच्या बाजूला पोटातच १२,९०० लिटरची कायमची टाकी बसवून हा पल्ला साधला. पहिलं विमान स्पेनच्या आयबेरियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये घेतलं आणि पुढच्याच महिन्यात माद्रिद-बोस्टनवर लावलं. १८२ जागा, त्यातले १४ बिछाने.

फोनवर मी जे सांगतो ते या इतिहासातूनच आलेलं आहे. विमानाची रुंदी बघू नका, खुर्च्यांची मांडणी बघा. जुन्या ७५७ मध्ये दोन-दोन बिछाने असत. रात्री खिडकीजवळच्या माणसाला उठायचं झालं की झोपलेल्या शेजाऱ्याला ओलांडावं लागे. आता बऱ्याच ठिकाणी वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेकच खुर्ची तिरकी बसवतात. सिद्धेश्वर एक्स्प्रेसच्या साइड लोअरसारखी, कुणाला उठवायचं काम नाही. जेटब्लूमध्ये तर तिला दारही आहे. पाय मात्र समोरच्या खोबणीत घालावे लागतात आणि धिप्पाड माणसाला ते अवघड जातं. आतल्या हवेचा दाबही ७८७ किंवा ए३५० या नव्या रुंद विमानांइतका आल्हाददायक नसतो, सकाळी अंग थोडं जड वाटतं. पण उतरताना दीडशे माणसं असतात, तीनशे नाहीत. इमिग्रेशनची रांग आणि सामानाचा पट्टा लवकर आटोपतो.

सोलापुरात होटगी रोडच्या आपल्या विमानतळासाठी जून २०२३ मध्ये सिद्धेश्वर साखर कारखान्याची धुराची उंच चिमणी पाडली, त्यावरून शहरात किती कालवाकालव झाली ते सगळ्यांना आठवतं. जून २०२५ मध्ये तिथून गोव्याला विमान सुरू झालं, एटीआर, मधे एकच वाट आणि दोन्हीकडे दोन-दोन खुर्च्या. इंडिगोने एक्सएलआर मागवलेली आहेत. मुंबई-लंडन अंतर ७,२०० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे कागदावर तरी ते या विमानाच्या पल्ल्यात बसतं. पुण्याच्या लोहगावहून फ्रँकफर्टला पुन्हा असं एखादं विमान निघालं, तर पुढच्या हाइमटेक्स्टिलची पहिली चार तिकिटं कुणाची काढायची ते मी आत्ताच सांगू शकतो.