मशिन पॉलिश आणि वॅक्स (मोटारीच्या रंगाचे)

मोटारीच्या रंगावरचे बारीक ओरखडे, पाण्याचे डाग आणि निस्तेजपणा फिरत्या पॅडच्या यंत्राने घासून काढणे आणि मग त्या पृष्ठभागावर वॅक्सचा पातळ थर देणे, अशी ही दोन टप्प्यांची प्रक्रिया आहे. पुण्यातल्या गॅरेजांत पहिल्या टप्प्याला ‘रबिंग’ किंवा ‘बफिंग’ म्हणतात. दोन्ही टप्प्यांचे काम एकमेकांच्या उलट आहे: पॉलिश थर कमी करते, वॅक्स थर चढवते. दर सर्व्हिसिंगला पॉलिश करून घेणाऱ्या मालकाला हे सहसा कोणी सांगत नाही. सांगायला हवे, कारण पॉलिशने गेलेला थर कोणत्याही वॅक्सने परत येत नाही.

आजच्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंगाचा थर आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते आणि त्यात क्लिअर कोट ३५ ते ५० मायक्रॉनचा. माणसाचा केस सहसा या क्लिअर कोटहून जाड असतो. चकाकी या क्लिअर कोटची असते, ओरखडे त्यावरच पडतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला तोच जपतो. जोरकस कंपाउंडच्या (घासून कापणाऱ्या खरखरीत पेस्टच्या) एका फेरीत त्यातले काही मायक्रॉन जातात. तो फार पातळ झाला की उन्हाने पांढुरका पडतो, पापुद्रे सुटतात, आणि मग पत्रा पुन्हा रंगवण्यावाचून उपाय उरत नाही. अँबॅसिडर, पद्मिनीच्या काळातल्या रंगावर क्लिअर कोट नसे. रबिंग करताना पॅडला गाडीचाच रंग लागे, त्यामुळे काय झिजते आहे ते डोळ्यांना दिसे. आता पॅडवर फक्त पांढरट लगदा दिसतो, म्हणून हात आवरण्याची जबाबदारी जास्त आहे.

पुण्यात रंग खराब होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे रोजचे पुसणे. सोसायटीत पहाटे एका बादलीत, एका फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात. फडक्यात अडकलेली धूळ प्रत्येक हातासरशी रंगावर गोल बारीक रेघा ओढते. उन्हात बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळीसारखे जे दिसते ते हेच. यात पुसणाऱ्याचा दोष नाही. महिन्याच्या तुटपुंज्या पैशांत आणि एका बादली पाण्यात याहून वेगळे काय होणार? वाघोलीकडच्या दगडखाणी आणि खडी क्रशर, उपनगरांतली न संपणारी बांधकामे, यांची धूळ मऊ नसते. कोरड्या फडक्याने ती झटकणे सर्वांत वाईट. दुसरे कारण पाणी. धरणाच्या नळाच्या पाण्याने फारसे डाग पडत नाहीत, पण बोअर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांत पाणी जड असते. उन्हात थेंब वाळले की क्षारांची वर्तुळे उरतात आणि काही काळाने ती क्लिअर कोटमध्ये उतरतात. झाडांखाली लावलेल्या गाड्यांवर चिकट थेंब आणि पक्ष्यांची विष्ठा पडते. विष्ठा उन्हात एक दिवस राहिली तरी रंगावर ठसा उमटू शकतो.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. रोटरीचे पॅड एकाच अक्षाभोवती फिरते. कापण्याची ताकद मोठी, काम झपाट्याने होते, पण उष्णता एका जागी साठते. पत्र्याच्या कडा आणि घड्या यांवर रंग मुळातच पातळ असतो. तिथे रोटरी क्षणभर जास्त थांबली की प्रायमर दिसू लागतो. प्लास्टिकचा बंपर उष्णता पसरू देत नाही, म्हणून तिथला रंग लवकर जळतो. घाईने चालवलेली रोटरी धुक्यासारखे चमकते पट्टे, म्हणजे होलोग्राम, मागे ठेवते. ड्युअल अ‍ॅक्शन यंत्राचे पॅड फिरता फिरता छोटी वर्तुळेही घेते. ते सावकाश कापते, पण नवशिक्याच्या हातूनही सहसा रंग जाळत नाही. घरी काम करू पाहणाऱ्याने हेच घ्यावे.

कामाचा निम्मा वेळ तयारीत जातो आणि तो वाचवू नये. गाडी भरपूर पाण्याने आणि शॅम्पूने धुवायची, मग निसरड्या पाण्यावरून क्ले बार (चिकणमातीसारखी मऊ वडी) फिरवून रंगात रुतलेले कण काढायचे. रबर आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांवर मास्किंग टेप लावायचा. जाडी मोजणारे मीटर फिरवले की गाडीचा इतिहास कळतो: २०० मायक्रॉनच्या बऱ्याच वर आकडा गेला तर तो पत्रा बहुधा पुन्हा रंगवलेला असतो, त्याहून खूप वर गेला तर खाली लांबी (खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरलेली असते. कारखान्यात रंग सुमारे १४० अंश सेल्सिअसला भाजतात, गॅरेजच्या बूथमध्ये ६०च्या आसपास, त्यामुळे एकाच गाडीचे दोन पत्रे पॅडखाली वेगळे वागतात.

म्हणून आधी फूट-दोन फूट जागेवर चाचणी घ्यायची: सर्वांत मऊ पॅड आणि सौम्य पॉलिशने सुरुवात, त्याने भागले नाही तरच कंपाउंड आणि कडक पॅड. पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब घेऊन आधी उभे, मग आडवे, प्रत्येक पट्टा आधीच्यावर निम्मा चढवत यंत्र सावकाश न्यायचे. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात कंपाउंड लगेच वाळून धूळ उडते, तेव्हा सकाळची वेळ किंवा सावली हवी. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्यावरच खरा निकाल दिसतो, कारण पॉलिशमधले तेल ओरखडे झाकून ठेवते. नख अडकते तो ओरखडा पॉलिशने पूर्ण जात नाही. तो थोडा बोथट करून सोडून देणारा कारागीर विश्वासाचा समजावा.

वॅक्समध्ये सर्वांत नावाजलेले कार्नौबा. ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून ते मिळते आणि ८० अंशांच्या वर वितळते. मऊ पॅडने, कमी वेगावर, शक्य तितका पातळ थर द्यायचा आणि धूसर झाल्यावर मायक्रोफायबरने पुसायचा. जाड थराने टिकाऊपणा वाढत नाही, पुसणे मात्र जिकिरीचे होते. पुण्याच्या उन्हात आणि पावसात वॅक्स काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकते. सिंथेटिक सीलंट त्याहून जास्त, सिरॅमिक कोटिंग आणखी जास्त. खडी उडून रंगाचा टवका जातो, त्याला यातले काहीच अडवत नाही.

शहरातल्या पॉलिशवाल्यांकडे दसऱ्याआधी मोठी गर्दी असते. पूजेचे हळदकुंकू बॉनेटवर कोरड्या बोटाने घासून काढू नये, पाण्याने धुऊन काढावे, आणि झेंडूची ओली माळ रंगावर दिवसेंदिवस तशीच राहू देऊ नये. वॅक्सचा एक हात पावसाळ्याआधी आणि एक पावसाळ्यानंतर दिला, रोजच्या फडक्याऐवजी आठवड्याला एकदा दोन बादल्यांत (एक शॅम्पूची, एक फडके खळबळण्याची) नीट धुतले, तर कंपाउंडची वेळ कित्येक वर्षे येत नाही.