काउबॉय ॲक्शन शूटिंग

काउबॉय ॲक्शन शूटिंग हा अमेरिकेत जन्मलेला नेमबाजीचा हौशी खेळ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील बंदुका किंवा त्यांच्या प्रतिकृती, त्या काळचा पोशाख आणि स्वतः निवडलेले टोपणनाव अशा थाटात खेळाडू पोलादी लक्ष्यांवर घड्याळ लावून गोळ्या झाडतो. नेमबाजी म्हटले की आपल्याला श्वास रोखून उभी असलेली तेजस्विनी सावंत किंवा स्वप्नील कुसाळे आठवतो. इथे ती स्तब्धता नाही. लक्ष्ये मोठी आणि जवळ, रिव्हॉल्व्हरसाठी तर साधारण ७ ते १० यार्डांवरच असतात. कस लागतो तो हाताच्या सफाईचा आणि डोके थंड ठेवण्याचा.

खेळाची सुरुवात १९८०च्या दशकाच्या प्रारंभी दक्षिण कॅलिफोर्नियात झाली. आधुनिक पिस्तुलांच्या वेगवान स्पर्धा खेळणाऱ्या काही मित्रांना त्याच धर्तीवर जुन्या बंदुका चालवून पाहाव्याशा वाटल्या. १९८७ मध्ये ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’ स्थापन झाली आणि खेळाला लेखी नियम मिळाले. ‘एंड ऑफ ट्रेल’ ही तिची मुख्य वार्षिक स्पर्धा. पुढे हा खेळ कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि युरोपातील काही देशांतही रुजला.

संस्थेच्या नावातच खेळाचे मर्म आहे. ‘सिंगल ॲक्शन’ रिव्हॉल्व्हरचा चाप एकच काम करतो: चढवलेला घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा मागचा हातोडा, सोडण्याचे. घोडा प्रत्येक बाराआधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो. तो ओढला की काडतुसांचे चक्र एक घर पुढे सरकते. नुसता चाप दाबत राहून सटासट गोळ्या सुटत नाहीत. प्रत्येक गोळीमागे हाताची एक हालचाल आहे, आणि या खेळाचे बहुतेक सारे नियम, लकबी व शिस्त त्या एका हालचालीतून निघाली आहे असे म्हटले तरी चालेल.

खेळाडूला चार बंदुका लागतात: दोन सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हर, रिव्हॉल्व्हरचेच काडतूस घेणारी लिव्हर ॲक्शन, म्हणजे चापाभोवतीचा दांडा खाली-वर करून पुढचे काडतूस आणायची रायफल आणि एक छऱ्यांची बंदूक. रिव्हॉल्व्हरमध्ये आदर्श म्हणजे १८७३ चे कोल्ट. त्याच सालची विंचेस्टर ही सर्वांत लाडकी रायफल. अस्सल जुन्या बंदुका महाग आणि जपून ठेवण्याच्या, म्हणून बहुतेकांच्या हाती उबेर्टी, पिएत्ता या इटालियन कारखान्यांच्या प्रतिकृती किंवा अमेरिकी रुगर व्हाकेरो दिसते. छऱ्यांसाठी शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी चालते, पण रिकाम्या पुंगळ्या आपोआप बाहेर फेकणारी नको. १८८७ ची लिव्हर आणि १८९७ ची पंप ॲक्शन (पुढची मूठ मागे-पुढे सरकवून चालवायची) विंचेस्टरही चालते. रिव्हॉल्व्हर आणि रायफल एकाच काडतुसावर चालवण्याची सोय आजची नाही. विंचेस्टरने १८७३ मध्ये आणलेले .४४-४० काडतूस कोल्टनेही त्याच दशकात स्वीकारले, आणि एकाच पट्ट्यातली काडतुसे दोन्ही हत्यारांना चालू लागली. आज हौशी मंडळींत .३८ स्पेशल जास्त दिसते, कारण ते स्वस्त पडते आणि धक्का कमी देते.

गोळी शिशाचीच लागते, तांब्याच्या आवरणाची नाही. वेगाची कमाल मर्यादा रिव्हॉल्व्हरला सेकंदाला १,००० फूट आणि रायफलला १,४०० फूट. मऊ शिसे पोलादावर आपटून चपटे होते आणि फुटते. लक्ष्याचा पत्रा थोडा पुढे झुकवलेला असल्याने तुकडे बहुधा जमिनीकडे जातात. बहुधा म्हणण्याचे कारण आहे: एखादा कण मागे येतोच. म्हणून प्रेक्षकालाही संरक्षक चष्मा लावावा लागतो.

भरण्याचा विधी पाहण्यासारखा असतो. चक्राला सहा घरे, पण भरायची पाचच. मेजापाशी उभा राहून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून खेळाडू एक काडतूस घालतो, पुढचे घर मोकळे सोडतो, मग सलग चार भरतो. घोडा पूर्ण मागे ओढतो आणि अंगठ्याने अलगद खाली आणतो. आता घोड्याखाली रिकामे घर आलेले असते. शेजारी उभा असलेला सहकारी ते डोळ्यांनी तपासतो. जुन्या कोल्टचा घोडा खाली असताना त्याची टोकदार सुई थेट काडतुसाच्या बुडावर टेकते. बंदूक पडली तर बार उडू शकतो. रुगरने १९७३ पासून हा धोका टाळणारी रचना आणली, तरी नियम सर्वांना सारखाच. मला हा या खेळातील सर्वांत शहाणा नियम वाटतो.

स्पर्धेच्या प्रत्येक टप्प्याला एक छोटे कथानक असते: बँक लुटली जात आहे, किंवा पत्त्यांच्या डावात तंटा झाला आहे. खेळाडू ठरलेले वाक्य म्हणतो, टायमर वाजतो आणि खेळ सुरू होतो. एका टप्प्यात सहसा रिव्हॉल्व्हरचे दहा, रायफलचे दहा आणि छऱ्यांचे चार-सहा बार असतात. लक्ष्यांचा क्रमही सांगितलेला असतो. ‘नेव्हाडा स्वीप’मध्ये तीन लक्ष्यांवर एका टोकाकडून दुसरीकडे आणि पुन्हा परत, एक-दोन-तीन-दोन-एक असे मारायचे. भोवती आवाज आणि धूर असताना मोजणी विसरणे फार सोपे असते. लक्ष्य हुकले तर पाच सेकंद, क्रम चुकला तर दहा सेकंद वेळेत मिळवले जातात. सर्वांत कमी वेळ जिंकतो. हुकले की नाही हे तीन निरीक्षक ठरवतात आणि तिघांपैकी दोघांचे मत धरले जाते. फायद्यासाठी मुद्दाम नियमाला बगल दिली तर तीस सेकंद. त्या दंडामागच्या कल्पनेला ‘खेळाचा आत्मा’ म्हणतात आणि मंडळी तो शब्द मनापासून वापरतात.

सुरक्षेत मात्र सूट नाही. नळी समोरच्या लक्ष्यांच्या दिशेभोवती आखलेल्या १७० अंशांच्या मर्यादेबाहेर फिरली तर खेळाडू टप्प्यातून बाद. भरलेली बंदूक हातातून पडली तर संपूर्ण स्पर्धेतून. पडलेली बंदूक त्याने स्वतः उचलायची नाही, अधिकारी उचलतो.

खेळाडूंच्या तुकडीला ‘पॉसी’ म्हणतात. स्वतःची पाळी नसताना कोणी टायमर धरतो, कोणी निरीक्षण करतो, कोणी पितळी पुंगळ्या वेचतो. अनेकजण त्याच पुंगळ्या घरी पुन्हा भरतात. टोपणनाव संस्थेकडे नोंदवावे लागते आणि एकाचे नाव दुसऱ्याला मिळत नाही. वर्षानुवर्षे एकत्र खेळणाऱ्यांना परस्परांची खरी नावे ठाऊक नसतात, असेही घडते. क्रीडाबूट, बेसबॉलची टोपी चालत नाही.

वर्ग पुष्कळ आहेत: वयानुसार, पोशाखानुसार, पकडीनुसार. ‘ड्युएलिस्ट’ एकाच हाताने रिव्हॉल्व्हर चालवतो, ‘गनफायटर’ दोन्ही हातांत दोन घेतो. ‘फ्रंटियर्समन’ वर्गात काडतूसच नाही. दारू, गोळी आणि ठिणगी पाडणारी छोटी धातूची टोपी वेगवेगळी भरायची ठासणीची रिव्हॉल्व्हर असते. काळ्या दारूचा पांढरा धूर दुसऱ्या-तिसऱ्या बारालाच लक्ष्य झाकतो आणि तिची काजळी ओल धरून लोखंड गंजवते. त्यामुळे त्याच दिवशी गरम पाणी आणि साबणाने नळी धुणे चुकत नाही.

हा खेळ जितका इतिहासाचा, तितकाच, किंबहुना जास्त, जुन्या चित्रपटांचा आहे. खऱ्या गुराख्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन मोठ्या संख्येने होते. रोडिओ (गुराख्यांच्या कसबाचे खेळ), लॅरिएट (फासाचा दोर) हे शब्द स्पॅनिशमधून आले. कॅन्ससमधील डॉज सिटीसारख्या गुराख्यांच्या गावांत तर बंदूक बाळगून फिरण्यावर बंदी होती. मूळ रहिवाशांकडून बळकावलेल्या भूमीची कथा या खेळात येत नाही, ही उणीव नोंदवायलाच हवी.

भारतात हा खेळ रुजायला कायद्याचीच अडचण आहे: २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. नामांकित नेमबाजांना वेगळी सवलत आहे. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या मराठी माणसानेही सावध राहावे. शिकारीचा वैध परवाना यांसारखे मोजके अपवाद सोडता तिथला केंद्रीय कायदा अशा व्यक्तीला बंदूक हाती घेऊ देत नाही, मित्राची उसनी घेतली तरीही. ग्रीन कार्डधारकाला ही अट नाही. नवख्याला क्लबातील जुने खेळाडू आपली हत्यारे, पट्टा आणि काडतुसेही देतात. पहिल्या दिवशी तो सावकाश चालत, एकेक लक्ष्य वाजवत टप्पा पुरा करतो, आणि मागे उभी असलेली पॉसी प्रत्येक ‘ठण्’ आवाजाला मोठ्याने दाद देते.